रेषेखालचा ठिपका

"तुमच्याकडे बायकांचं रक्त छापून मिळेल का?"

मी मान वर केली. हातात ब्रश तसाच, समोर एका नवरदेवाच्या नाकावरचा फोड अर्धा पुसून झालेला.

"काय?"

"म्हणजे... रक्ताचा ग्राफ." दारातला उंच माणूस गडबडला. चष्म्यावरून पाणी निथळत होतं, शर्ट अंगाला चिकटलेला, पण काखेतली कागदाची गुंडाळी मात्र प्लॅस्टिकमध्ये कोरडी ठणठणीत. "मेडिकल जर्नलला लेख पाठवायचाय. त्यांना आकृत्या काळ्या शाईनं काढलेल्या लागतात, मग त्यांचा फोटो, चकचकीत कागदावर... आणि मला सरळ रेघसुद्धा—"

"आधी चष्मा पुसा," मी म्हटलं. "तुम्ही माझ्याशी नाही, कॅमेऱ्याच्या स्टँडशी बोलताय."

तर असे डॉक्टर शिवदास तायडे माझ्या आयुष्यात शिरले. साल शहाऐंशी, घाटकोपर पूर्व, माझ्या काकांचा, भाऊंचा, फोटो स्टुडिओ. मी तिथे रिटचिंग करायची. म्हणजे लग्नाच्या मुलामुलींच्या फोटोतले फोड, देवीचे व्रण, डोळ्यांखालची काळी वर्तुळं बारीक ब्रशानं घालवायची. भाऊ म्हणायचे, "घाटकोपरातली निम्मी लग्नं आमच्या रत्नाने जमवली." मी मनात म्हणायची, आणि निम्मी मोडलीही.

कारण माझं त्यातच मोडलं होतं. लहानपणी वडे तळताना उडालेल्या तेलाचा माझ्या हनुवटीवर डाग आहे, चांगला चिंचोक्याएवढा. स्टुडिओच्या शोकेसमध्ये माझा मोठा फोटो होता, त्यात तो नव्हता. मीच घालवला होता. तोच फोटो बोरीवलीच्या एका स्थळाला गेला. मंडळी आली, पोहे झाले, आणि मुलाची मावशी सगळा वेळ माझ्या हनुवटीशीच बोलत राहिली. दुसऱ्या दिवशी निरोप आला, पत्रिका जुळत नाही. पत्रिका त्यांनी मागितलीच नव्हती!

असो. डॉक्टरांचं सांगत होते.

त्यांनी दवाखान्यात येणाऱ्या गरोदर बायकांना लोहाच्या गोळ्या देऊन कुणाचं रक्त किती वाढतं ते मोजलं होतं. लेख टाइप होऊन तयार होता. फक्त तीन आकृत्या राहिल्या होत्या. त्या झाल्या की लेख पोस्टात, आणि डॉक्टर सरकारी नेमणुकीवर पार बुलढाण्याकडे, त्यांच्याच मुलखात. हे त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं. मी म्हटलं, "बरं." तेव्हा ते मला खरंच बरं वाटलं होतं.

पण पावसाळ्यात इंडियन इंक लवकर वाळत नाही हो. पंखा लावला तर ट्रेसिंग पेपर उडतो. म्हणून पंखा बंद करून, एक एक रेघ मारून, आम्ही दोघं ती वाळायची वाट बघत बसायचो. घामाघूम. समोरच्या टपरीवरून चहा यायचा.

"फुंकर मारू का?" त्यांनी एकदा विचारलं.

"मारा. मग रेघ पसरेल आणि सगळ्या बायकांचं रक्त एकदम वाढेल. नोबेल मिळेल तुम्हाला."

ते हसले. हसताना त्यांच्या डाव्या भुवईतून एक पांढरा व्रण वाकडा व्हायचा. माझ्यातली रिटचर चटकन जागी झाली... हा घालवायला सोपा आहे, दोन हातांत जाईल. आणि लगेच वाटलं, नको. हसताना मग काय वाकडं होईल?

"काय बघताय?"

"काही नाही. शाई."

"शाई तिकडे आहे."

मी कानापर्यंत लाल झाले. पंखा बंद होता म्हणून निभावलं.

अक्षरं चिकटवायचा कागद असायचा तेव्हा, घासून एकेक इंग्रजी अक्षर उमटवायचं. डॉक्टर शेजारी उभे राहून अक्षरं सांगायचे आणि मी घासायची. फोटो निघाला की मागच्या बाजूला हलक्या पेन्सिलीनं आकृतीचा नंबर, लेखकाचं नाव आणि वर दाखवणारा बाण. जर्नलचा तसा नियमच होता.

"बाण कशाला?" मी विचारलं.

"छापणाऱ्याला कळायला नको, वरची बाजू कुठली? नाहीतर उलटं छापतील. सगळ्या बायका फिक्या पडतील."

"आणि डॉक्टर?"

"डॉक्टर आधीच पडलाय," ते पुटपुटले. मी ऐकलं नाही असं दाखवलं. ते पुन्हा म्हणतील म्हणून मी थांबले... पण म्हणाले नाहीत.

पहिली आकृती झाली, दुसरी झाली. घरी अण्णा विचारायला लागले. अण्णा म्हणजे माझे वडील, संपात गिरणी गेली तेव्हापासून दिवसभर खिडकीत. "तो डाक्टर आजपण इल्लो काय गो?"

"कामाला येतात, अण्णा."

"हां. काम लय बारीक दिसता."

तिसरी आकृती सगळ्यात अवघड. आडव्या रेघेवर बाईनं घेतलेल्या गोळ्या, उभ्या रेघेवर वाढलेलं रक्त, आणि मध्ये ठिपकेच ठिपके, एका बाईचा एक. सगळे कसे छान तिरकी रेघ धरून वर चढत होते. एकच खाली पडला होता, पार एकटा. मला बघवेना. दिवसभर लोकांचे चेहरे सारखे करणारा माझा हात, त्यानं आपोआप तो ठिपका उचलला आणि रेघेवर नेऊन बसवला. काय सुरेख दिसायला लागलं चित्र!

डॉक्टरांनी फोटो हातात घेतला आणि डोळ्यांजवळ नेला.

"चांगलं नाही झालं?"

"फार चांगलं झालंय... इथे एक ठिपका होता."

"तो ना, एकटाच खाली पडला होता. वाईट दिसत होतं. मी वर घेतला."

मला वाटलं, ओरडतील. ते स्टुलावर बसले आणि चष्मा काढला.

"ती द्रौपदीबाई आहे," ते म्हणाले. "भटवाडीतली. सगळ्या गोळ्या न चुकता न्यायची, पण रक्त काही वाढेना. आमच्या सरांना वाटलं, फेकून देत असेल. ते म्हणाले, हा आकडा काढून टाक, चित्र बिघडतं. मी तिच्या घरी गेलो. तिची थोरली पोरगी कागदासारखी पांढरी. निम्म्या गोळ्या ही तिला खाऊ घालत होती." त्यांनी चष्मा पुसला. "सरांशी भांडून ठेवलाय मी तिला लेखात. खाली आहे, पण खरी आहे ना ती."

बाहेर पागोळ्या गळत होत्या. एका बाईला मी पुसून टाकलं होतं, लग्नाच्या फोटोतला फोड पुसावा तसं.

"उद्या परत काढून देते," मी म्हटलं.

ते निघाले. दारात शोकेसपाशी थबकले, वळून माझ्याकडे बघितलं, पुन्हा फोटोकडे.

"ही तुमची बहीण?"

"मीच आहे."

"छे." त्यांनी मान हलवली. "हिचा पण ठिपका कुणीतरी हलवलाय."

दुसऱ्या दिवशी मी द्रौपदीबाईला परत तिच्या जागी नेऊन बसवलं. रेघेच्या खाली, एकटीला. तेव्हा मला ती सगळ्यांत जास्त दिसायला लागली. शाई वाळली, फोटो निघाले, मागे बाण काढून झाले. डॉक्टरांनी पाकीट बंद केलं.

"मग... झालं काम," ते म्हणाले.

"झालं."

"परवा निघतो मेहकरला."

"बरं," मी म्हटलं. या वेळी ते अजिबात बरं वाटलं नाही. ते थोडा वेळ उभे राहिले. मी उगाच ब्रश धूत राहिले, धुतलेलाच. मान वर केली तेव्हा दार रिकामं होतं.

भाऊ डार्करूममधून बाहेर आले. "काय गं, रडतेस काय?"

"केमिकल लागलं डोळ्याला."

"केमिकल तर मी केव्हाच आवरून ठेवलं," भाऊ म्हणाले.

"मग माझा फोटो काढा," मी म्हटलं. "आत्ता. आणि ब्रश लावायचा नाही."

शोकेसमधला जुना फोटो काढून मी तो नवा लावला. डाग, सुजलेले डोळे, सगळ्यासकट. भाऊ म्हणाले, धंद्याची वाट लागेल. लागू दे म्हटलं.

त्यानंतर दोन दिवस मी दाराकडे पाठ करून बसले.

"एक आकृती राहिली," मागून आवाज आला.

"तीनच होत्या," मी न वळता म्हटलं. हातातला ब्रश खाली ठेवला. "आणि तुम्ही आज मेहकरला जाणार होतात ना?"

"रात्रीची गाडी आहे. मघाशी शोकेस बघितलं... ठिपका जागेवर आला."

त्यांनी टेबलावर एक फोटो ठेवला. त्यांचाच. भुवईत पांढरा व्रण, हसताना वाकडा झालेला. भाऊ डोकावले आणि भडकले. "दुसऱ्या स्टुडिओत काढलात? आम्ही मेलो होतो काय?"

"इथे काढला असता तर यांनी व्रण पुसला असता, भाऊ. मुलाचा फोटो द्यायचाय... आधी कळलेलं बरं."

मी फोटो उलटा केला. मागे हलक्या पेन्सिलीत, आकृती चार, शि. तायडे, आणि वर दाखवणारा बाण.

"अण्णांना माहीत आहे, मी कुठल्या समाजातला ते?" त्यांनी हळूच विचारलं.

"आडनाव सांगितलं तेव्हा अण्णांनी आईकडे बघितलं. आईनं भिंतीकडे."

"आणि तुम्ही?"

"मी?" माझ्या बोटांना शाई होती. ती पुसायच्या आधीच मी त्यांचा हात धरला. "मी शाई वाळायची वाट बघतेय. शिकलेय आता."

संध्याकाळी फोटो अण्णांच्या हातात दिला. ते खिडकीशी उजेडात धरून बराच वेळ बघत राहिले. आई दाराशी उभी.

"ह्या भुवईक काय झाला? पुसूक नाय तू?"

"नाही अण्णा. ते तिथलंच आहे."

अण्णांनी माझ्या हनुवटीकडे पाहिलं. मग फोटो पालथा केला, बाण निरखला, कुठली बाजू वर ती नीट बघून घेतली... आणि तो आरशाच्या चौकटीत खोचला, सरळ.