लेझरचा भाव उतरेपर्यंत

हिवाळ्यातली सकाळ मंगरुळपीरच्या त्या अरुंद गल्लीत उशिराच उतरे. आधी समोरच्या पत्र्याची कड उजळे, मग विजेच्या तारांवरचे दव चमके, आणि मग कुठे प्रकाश अश्वजितच्या दुरुस्तीच्या दुकानात पाऊल टाकी. भीत भीत, कुणी हाकलून देईल की काय अशा धास्तीने. पोट उघडे पडलेल्या टीव्हींवरून, मुक्या रेडिओंवरून तो सरकत जाई, जुन्या डिस्कच्या चवडीवर क्षणभर सात रंग सांडी, आणि टेबलावरच्या स्क्रूंच्या वाटीत येऊन निजे. त्यात विशेष असे काहीच नव्हते. अश्वजित तो रोज पाही, इतकेच. पाहणे त्याला जमत असे. बोलणे जमत नसे.

त्या प्रकाशात एका बाजाराच्या दिवशी सावली आडवी आली.

“ब्लू-रेचं मशीन दुरुस्त करता का तुमी? का तुमीबी हात वर करता?”

ओढणीत गुंडाळलेला प्लेअर तिने टेबलावर ठेवला... एखाद्या तान्ह्या मुलाला ठेवावे तसा. तिचे नाव धम्मदीपा. ती आसेगावची.

“कोणती पिक्चर लावता यावर?” त्याने मान वर न करताच विचारले.

“पिक्चर नाही. माह्या भावाचं लगन हाय.”

प्लेअर भावानेच, संघदीपने, पुण्याहून आणला होता. लग्नाचे चित्रण स्वच्छ दिसावे म्हणून त्याने मुद्दाम ब्लू-रे डिस्क करून घेतली होती. मागल्या वर्षी मालेगावच्या रस्त्यावर त्याची मोटारसायकल ट्रकखाली गेली. आता आईच्या, चंपाबाईंच्या, डोळ्यांत साखरेच्या आजाराने पडदा उतरत होता. फोनवरचे बारके फोटो तिला ओळखू येत नव्हते. भिंतीवरच्या मोठ्या टीव्हीवर, अगदी लख्ख, पोराचा चेहरा एकदा पाहायचा— एवढेच तिचे मागणे होते.

अश्वजितने झाकण उघडले. “लेन्स पाहावी लागते. अंधार पायजे.”

“मंग करा नं अंधार.”

तिने तीच ओढणी दोघांच्या डोक्यांवरून ओढली. उबदार, साबणाच्या वासाच्या त्या अंधारात तिचा श्वास त्याच्या कानाशी आला आणि त्याचा हात बटणावर तसाच राहिला.

“लावा नं. का झोपले?”

“थेट पाहू नका,” तो पुटपुटला, “डोये जातीन. कागदावर पाहा.”

कागदावर निळसर ठिपका उमटायला हवा होता. उमटला नाही.

“मेली का?”

“मेली.”

मग त्याने तिला समजावून सांगितले. आयुष्यात प्रथमच इतके सलग. या यंत्रात महाग असतो तो निळा लेझर, बाकी सारा पत्रा आणि प्लॅस्टिक. लेझर स्वस्त झाला की लेन्स स्वस्त, आणि लेन्स स्वस्त झाली की आख्खा प्लेअर स्वस्त. अकोल्याचा माल देणारा नरेंद्र सांगत होता की भाव उतरणीला लागला आहे. “थोडं थांबा. आता घेसान तर पस्तावसान.”

ती हसली. “आमच्या बाबाले सोयाबीनचा भाव चढाची वाट, तुमाले लेझरचा उतराची. दोघायच्या मधात मी!”

ती थांबली. दर बाजाराला येऊ लागली.

“उतरला का जी भाव?”

“उतरून राह्यला... हळूहळू.”

“तुमच्यासारखाच हाय वाटते. एक पाऊल पुढं, दोन मांगं.”

तो लाजून स्क्रू शोधू लागे. ती तो स्क्रू मुठीत धरून बसलेली असे. कधी ती बोरे आणी आणि बिया त्याच्या वाटीत टाकी. भाव उतरला, यंत्र चालू झाले, की त्याच दिवशी बोलायचे, असे त्याने मनाशी ठरवले होते. तोवर बाजाराचा दिवस होताच.

मधूनच ती म्हणे, “आई आता दारातल्या माणसाले आवाजावरून वयखते.” तो म्हणे, “बस, आता थोडंच.” आणि दोघेही खाली पाहत.

उन्हाळ्याच्या तोंडावर नरेंद्रचा फोन आला. “घेऊन जाय बाबू लेन्सा, मातीमोल भावात. कोणी घेऊनच नाही राह्यलं. कंपन्यायनं मशीनच बंद करनं चालू केलं.”

भाव उतरला होता. ती वस्तू जगाला नकोशी झाली म्हणून.

अश्वजितने लेन्स बसवली. कागदावर निळा ठिपका उमटला तेव्हा ओढणी नव्हती. त्याने दार लोटून घेतले होते. त्याच दुपारी तो आसेगावला गेला. खोलीत सोयाबीनची पोती थप्पीला होती. तिच्या वडिलांनी, उकंडरावांनी, त्यांतल्याच एकावर त्याला बसवले. टीव्ही भिंतीवर होता, त्याला जोडलेला आवाजाचा डबा, स्पीकर, खिडकीत. मधोमध, बाजेवर, चंपाबाई.

“आला का मा संघा?”

डिस्क फिरू लागली आणि लग्नातल्या त्रिशरणाचे सूर खोलीत भरले. पडद्यावर पांढऱ्या कपड्यांतला संघदीप वळून हसला, इतका स्पष्ट की कपाळावरचा घाम दिसावा. चंपाबाईही हसल्या. पाहतायत, अश्वजितने स्वतःला सांगितले. अगदी योग्य क्षणी हसल्या.

“दुबळा दिसते का वं?”

“नाही आई,” धम्मदीपा म्हणाली. “गाल भरले हायेत त्याचे.”

निघताना ती अंगणापर्यंत आली. उन्हात दोघे उभे राहिले.

“नवं मशीन घेता येत होतं मले,” ती म्हणाली. “पहिल्याच दिवशी. पैसे होते जवय.”

“मंग... काहून थांबल्या?”

“मशीन आलं असतं, तं दुकानात कायच्या निमतानं आली असती?”

कितीतरी बाजारांपासून जपलेले वाक्य त्याच्या ओठांवर आले. “मीबी... तुमी येत राहावं म्हणून—”

“मालूम हाय मले,” ती म्हणाली. तिने हात पुढे केला, आणि त्याच्या बोटांपाशी येऊन तो मागे घेतला. “आता नोका बोलू.”

आतून हाक आली. “दीपे, पाह्य नं वं, कसा हासून राह्यला!”

अश्वजितने दारातून आत पाहिले. टीव्ही भिंतीवर होता. चंपाबाईंचे तोंड खिडकीकडे होते, आवाजाच्या डब्याकडे. तो पोत्यावर बसला तेव्हापासून ते तिकडेच होते, आणि ते दिसले की तो दर वेळी नजर वळवत आला होता.

चंपाबाईंना दिसत नव्हते.