इराच्या बदल्यात

प्रबोध कारखानीस शनिवारी संध्याकाळी सहा वाजता हौगांग उपनगरातल्या सराव हॉलच्या मागच्या जिन्यात मृतावस्थेत सापडला. पाय घसरला असावा, असं सगळे म्हणाले. त्याच्या बायकोला, नीताला ते पटलं नाही. मंगळवारी ती खासगी तपासनीस अनघा टिपणीसकडे आली.

प्रबोध एका महिला बास्केटबॉल क्लबचा विश्लेषक होता. क्लबची स्टार खेळाडू इरा हिच्या बदल्यात सीमेपलीकडच्या जोहोरचा क्लब दोन तरुण मुली आणि एक ड्राफ्ट पिक, म्हणजे पुढच्या मोसमात नवी खेळाडू आधी निवडायचा हक्क, देऊ करत होता. सौदा घ्यावा की नाही, हे प्रबोधने सांगायचं होतं.

“सव्वापाचला त्याचा फोन आला,” नीता म्हणाली. “जोहोरवाल्यांनी नुकतंच बदललं होतं. एक मुलगी ते ठेवून घेणार, तिच्याऐवजी दुसरा पिक देणार. म्हणाला, आता मला गप्प बसवत नाही. कशाबद्दल, ते विचारायच्या आत फोन ठेवला.”

अनघाने जोहोरच्या मॅनेजरला फोन लावला. हा बदल त्याने फक्त प्रबोधला तोंडी कळवला होता. पत्र सोमवारी जाणार होतं. रविवारी मृत्यूची बातमी आली आणि त्याने ते थांबवलं.

टिपणं काढायला अनघाबरोबर तिचा मावसभाऊ धवल असे. दोघं आधी कोच विक्रांतला भेटली. तो सौद्यावर चिडलेला होता. दोन कच्च्या मुली आणि एका पिकवर संघ उभा राहत नाही, इरा गेली की आपली नोकरीही जाणार, हे त्याने लपवलं नाही. साडेपाचच्या मधल्या सुट्टीत तो पार्किंगमध्ये एकटाच होता. धवलने त्याच्या नावाखाली रेघ ओढली.

इरा प्रेक्षकांच्या पायऱ्यांवरून कठडा धरून खाली आली, प्रत्येक पायरीवर आधी डावा पाय टेकवत. अनघाने विचारलं तेव्हा ती हसली.

“थोडंसं दुखतं, that's all lah. एमआरआय नॉर्मल आहे, चारुदत्त सर म्हणाले.”

रिपोर्ट तिने स्वतः पाहिला नव्हता. तो डॉक्टरकडून थेट क्लबच्या मॅनेजरकडे, चारुदत्तकडे जाई. परतताना अनघाने नीताला प्रबोधच्या लॅपटॉपमध्ये तो रिपोर्ट शोधायला सांगितलं.

चारुदत्त बुकित तिमाहच्या कॉन्डोत राहत होता. शनिवारी चारलाच घरी आलो, त्यानंतर प्रबोधशी बोलणं झालं नाही, असं त्याने सांगितलं. त्याचे डोळे सुजले होते.

“अठ्ठावीस वर्षांच्या खेळाडूसाठी एक मुलगी आणि दोन पिक्स,” तो म्हणाला. “प्रबोध असता तर त्यानेच हे पार पाडलं असतं.”

गाडीत धवल म्हणाला, “विक्रांतच. सौदा मोडायचं कारण त्यालाच आहे.”

“म्हणून तर तो नाही,” अनघा म्हणाली. “प्रबोधच सौदा मोडणार होता.”

गुरुवारी दुपारी सगळे क्लबच्या बैठकीच्या खोलीत जमले. दारात पोलिस सार्जंट उभा होता.

“विक्रांत दोन मुली आणि एक पिक म्हणाला,” अनघाने सुरुवात केली. “त्याला जुनाच सौदा माहीत होता. चारुदत्त, तुम्ही एक मुलगी आणि दोन पिक्स म्हणालात. नीताने ते फक्त मला सांगितलं होतं. तुम्हाला ते फक्त प्रबोध सांगू शकत होता, तेही सव्वापाचच्या सुमारास किंवा त्यानंतर. तुम्ही तर चारनंतर त्याच्याशी बोललाच नाही म्हणता.”

अनघाने रिपोर्ट टेबलावर ठेवला.

“इरा पायरी उतरताना डावा गुडघा जपते. नीताला रिपोर्ट सापडला. तो नॉर्मल नाही. मोडका गुडघा तुम्ही स्टारच्या भावाने विकत होता आणि प्रबोधला ते कळलं होतं. समोरच्यांनी विश्वासाने आणखी एक पिक देऊ केला, तेव्हा त्याला राहवलं नाही.”

“तो खाली इराला सांगायला निघाला होता,” चारुदत्त म्हणाला. “मी दंड धरला. त्याने झटकला. मग मी ढकललं. तो हाक मारत होता. मी दार लावून घेतलं.”

नीताने डोळे मिटले. सार्जंट त्याला घेऊन गेला.

इराने विचारलं, “मी परत खेळणार ना?”

विक्रांत खिडकीकडे वळला. अनघा तिच्यासमोर बसली आणि रिपोर्ट पहिल्या ओळीपासून वाचून दाखवू लागली.