सातव्या नंबरचा शब्द

शुक्रवारी बसवराज सरांचा फोन आला तेव्हा सिद्धेश्वरी भाकरी थापत होती. पिठाच्या हातानेच ती खालच्या मजल्यावर धावली. सर उघड्या कपाटासमोर बसले होते. वही गेली होती.

जुळे सोलापुरातल्या त्या सोसायटीत ती वही सगळ्यांना ठाऊक. तीस वर्षांपूर्वी सर दर शनिवारी वर्गात खेळ घ्यायचे. एकाच शेवटाचे इंग्रजी शब्द, प्रत्येक मुलाने एक आणायचा. हजेरीच्या क्रमाने नाव आणि शब्द वहीत चढायचा, मग सगळा वर्ग तालात यादी म्हणायचा. आता सर माणसं विसरू लागले होते. त्यांची चाळीस पोरं त्या वहीतच उरली होती.

सिद्धेश्वरी निवृत्त हवालदार. तिने विचारलं, "वहीत शेवटी काय लिहिलंत?"

'लाइट-नाइट'च्या यादीत सातवा हरिबा. शब्द आणायच्या आधीच तापाने गेला. त्याची ओळ कोरी राहिली आणि सातव्या जागी वर्ग एक ठोका गप्प राहू लागला.

"काल सकाळी गच्चीवरनं विमान दिसलं," सर म्हणाले. "विमान आलं की वर्ग सोडून पळायचं ते पोरगं. त्याच्या ओळीत 'फ्लाइट' लिहिलं. कुणाला बोललो नाही."

त्यानंतर दोघंच येऊन गेली होती, दोघंही त्याच वर्गातली. धनलक्ष्मीने वही दोनदा मागितली होती आणि नकार ऐकून फणकारली होती. प्रभु इंग्रजीचे क्लास चालवायचा, सरांची औषधं आणायचा. सोसायटीने मनातल्या मनात धनलक्ष्मीविरुद्ध निकाल लावूनही टाकला.

रविवारी सरांच्या घरी जुन्या शब्दखेळाला बोलावल्यावर दोघं आली. सरांना बरं वाटेल म्हणून जुनी यादी म्हणा, असं सिद्धेश्वरीने सांगितलं. एकाने आत, दुसऱ्याने बाहेर थांबायचं.

धनलक्ष्मी आधी आली. लाइट, नाइट, राइट, फाइट, साइट, ब्राइट. ती थांबली. मांडीवर एक थाप पडली. मग टाइट. तिचे डोळे भरून आले होते.

प्रभु घडाघडा बोलत गेला. "...साइट, ब्राइट, फ्लाइट, टाइट..."

"सातव्याला थांबला नाहीस," सिद्धेश्वरी म्हणाली.

"विसरलो असंन की, अक्का."

"थांबायचं विसरला असशील. पण 'फ्लाइट' कुठून आला? वर्गात तो कधीच नव्हता. सरांनी गुरुवारी सकाळी लिहिला. वही ज्याच्याकडे आहे, त्यालाच तो ठाऊक."

प्रभूने मान खाली घातली. क्लाससाठी तो या याद्यांचं स्वतःच्या नावाने पुस्तक छापणार होता. टाइप करता करता यादी नव्याने पाठ झाली होती.

"वही आण," ती म्हणाली.

"शब्द हायेत. नावांची बाजू कापून रद्दीत टाकली. नावं कोण वाचतंय, अक्का?"

धनलक्ष्मी दारातच खाली बसली. तिलाही वही हवी होती, पण स्वतःचं नाव पोरीला दाखवायला. सिद्धेश्वरीला प्रभूच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. माणूस सरांची औषधं आणत होता आणि सरांची पोरं रद्दीत घालत होता.

सर मात्र ओरडले नाहीत. ते ताठ बसले आणि हजेरी घेऊ लागले. "एक..." नाव आठवेना. "दोन..." ओठ नुसतेच हलले. सातव्याला नाव सुचवेल म्हणून त्यांनी धनलक्ष्मीकडे पाहिलं, पण तिला रडू आवरत नव्हतं. आकडे तेवढे पुढे जात राहिले.

"चौदा," सर म्हणाले. चेहरा एकदम उजळला. "प्रभु."

"हजर, सर," सवयीने त्याच्या तोंडून निघून गेलं.

पुढचं एकही नाव सरांना आठवलं नाही.