उतारावरच्या चपला

यातलं काहीही रचलेलं नाही. रचायचंच असतं तर मी स्वतःला इतकी गाफील आई दाखवली नसती.

गेल्या दसऱ्याचा दुसरा दिवस. शुक्रवार, तीन ऑक्टोबर. संध्याकाळचे पावणेसात. जागा रत्नागिरीतलीच, वरच्या सड्यावरून, म्हणजे कातळाच्या पठारावरून, खाडीच्या बाजूला उतरणारा एक रस्ता. नाव लिहीत नाही. मला रोज तिथूनच घरी जावं लागतं.

मी नम्रता. नवरा सर्वेश बोटीवर असतो, सहा-सहा महिने बाहेर. घरात मी, सासूबाई आणि चार वर्षांची शमिका. ऑफिस वर, घर खाली. स्कूटर शिकताना एकदा आपटले, ती भीती गेलीच नाही. म्हणून सायकल. मागच्या कॅरिअरवर शमिकाची खुर्ची, पट्ट्यासकट. तिचं पाळणाघर माझ्या ऑफिसच्या शेजारीच.

आमच्याकडे सायकलवर बाई दिसली की लोकांना गंमत वाटते. "वहिनी, गियर टाका की!" रिक्षावाले खेटून जातात. कडेने चालवावं, तर कडेला रस्ताच नसतो, नुसती खडी आणि लाल माती. गटारावरच्या जाळीत चाक अडकतं. एक चर बुजवला की आठ दिवसांत दुसरा कोणीतरी तिथेच खणतो. ऑफिसात सायकल लावायला जागा नाही. वॉचमन म्हणतो, "मॅडम, कचऱ्याच्या डब्यामागं लावा. थय कोण नेणार नाय."

सकाळी चढ ढकलत चढते. संध्याकाळी दोन्ही ब्रेक दाबून, जीव मुठीत धरून उतरते. घाबरट आहे मी. निघताना टायर दाबून बघते. शमिकाचा पट्टा दोनदा ओढून बघते.

त्या दिवशीही ओढून बघितला.

ब्रेक बघितले नाहीत.

खरं तर सकाळी सपाटीवर ते जरा निसटल्यासारखे वाटले होते. पण दसऱ्याला सायकल धुतली होती. पाणी राहिलं असेल, अशी मीच माझी समजूत घातली.

उताराला दिवे नव्हते. अंधार अजून पुरता पडला नव्हता. शमिका मागे बडबडत होती. पाळणाघरात कोणी कोणाला आपट्याची पानं दिली, कोणी खाल्ली. खाली वळणाच्या अलीकडे त्याच आठवड्यात चर खणला होता. कमरेएवढा खोल. पुढे जांभ्या दगडाचा एक चिरा आणि त्यावर लाल फडकं. बस, एवढीच खूण.

उतार लागला. मी ब्रेक दाबले.

दाबले गेले. सायकल थांबली नाही.

पुन्हा दाबले. बोटं पार दांड्याला टेकली. रबरं रिमवरून नुसती सरकत होती.

पाय टेकवला, तर मागच्या वजनाने हँडल गर्रकन वळलं. शमिका किंचाळली. कशीबशी सायकल सरळ केली. पाय पुन्हा उचलले.

वेग वाढत होता. कानात वारा. खाली लाल फडकं दिसायला लागलं. एकच विचार होता डोक्यात... मी हिला पट्ट्याने बांधलंय. सायकल चरात गेली, तर ही उडून बाजूलासुद्धा पडणार नाही. माझ्याबरोबर आत येईल.

आणि मग...

शमिकाचं रडणं थांबलं. एकदम.

मागून आवाज आला.

सर्र... सर्र... सर्र...

रबरी चपला डांबरावर घासल्याचा.

कोणीतरी कॅरिअर धरून मागे रेललं होतं. मला ते हँडलमध्ये कळत होतं. माणसाच्या अंगाचं वजन असतं ना, तसं. आणि धाप. बाईची धाप. श्वास घेता घेता मध्येच... रडल्यासारखी.

"धरा! सोडू नका!" मी ओरडले.

सायकल मंदावली. चिऱ्यापासून दोन हातांवर थांबली.

उतरले. मागे वळले.

कोणी नव्हतं.

वरपर्यंत सरळ, मोकळा रस्ता. आडोशाला झाड नाही, दगडी गडगा नाही. फक्त जळलेल्या रबराचा वास. आणि शमिका मान वळवून मागे बघत बसलेली. गप्प. डोळ्यांत पाणी, पण गप्प.

घरापर्यंत सायकल ढकलत नेली. पडवीतल्या दिव्याखाली रिमला बोट लावलं.

तेल. खोबरेल.

सासूबाई दारातच होत्या. "उशीर केलास गो. बघितलंस? काल तू धुतलीस नि तशीच ठेवलीस. खारी हवा, गंज धरायला किती वेळ? मी रातच्याला खोबरेल घेऊन चाकं अशी पुसली, अशी पुसली... सर्वेशला फोटो धाड. म्हणावं, तुझ्या आवशीनं चमकवली."

पूजेची झेंडूची माळ अजून हँडलवर होती.

मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं. त्या हसत होत्या.

"छान झालीय, आई," मी म्हटलं. "पण पुढच्या वेळी मीच करेन हं. तुमचे गुडघे दुखतात."

त्या रात्री मला झोप नाही. सकाळी कोणी उठायच्या आत साबण लावून रिम घासल्या.

रविवारी शमिकाला बरोबर घेऊन सायकल सखारामकाकांकडे नेली. उताराच्या पायथ्याशी त्यांचं जुनं दुकान आहे. म्हटलं, "काका, ब्रेकची रबरं बदला. रिमला तेल लागलं होतं."

त्यांच्या हातातला पाना तसाच राहिला.

"तेल? कोणी लावलं?"

"सासूबाईंनी. दसऱ्याला."

त्यांनी रिमवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "आणि थांबलीस कशी?"

मी सगळं सांगितलं. वाटलं, हसतील. ते हसले नाहीत. स्टुलावर बसले.

"आनंदीबाई," म्हणाले. "वरच्या वाडीतली. ती नि तिची पोर, दोघीच. दर्शना नाव पोरीचं. नर्सिंगला होती, सायकलीनं जायची. सहा वर्सं झाली. दसऱ्याला आयशीनं असंच खोबरेल लावून सायकल आरशासारखी केली. दुसऱ्या दिवशी पोर उतारावरनं सुटली ती थेट डंपरखाली."

मी शमिकाचा हात धरला.

"मोडकी सायकल हितंच आणलेली. आनंदीबाई समोर उभी. आणि मी... माझ्या तोंडातनं गेलं गो. 'रिमला तेल कोणी लावलंन? म्हणून ब्रेक लागलं नाय.' ती वळली नि चढ चढून गेली."

"मग?"

"मग रोज संध्याकाळी उताराच्या तोंडाशी उभी. कोण सायकलवाला आला की मागनं कॅरिअर धरायची नि चपला घासत घासत खालपर्यंत. लोक हसायचे. 'आला बघ फुकटचा ब्रेक!' कोण आईवरनं शिव्या घालायचे. महिन्यात चपला झिजायच्या. मी नव्या आणून द्यायचो. दुसरं काय करणार होतो मी?"

"आता कुठे असतात त्या?"

काकांनी पाना खाली ठेवला.

"तीन वर्सं झाली जाऊन."

रबरं बदलून झाली. निघताना त्यांनी पुन्हा हाक मारली.

"सासूला सांगू नको हां, बाय. मी एकदा सांगून बसलोय."

नाही सांगितलं. सासूबाई फेसबुकवरचं हे पेज वाचत नाहीत, म्हणून तर इथे लिहितेय.

शमिकाला काय दिसलं, तिने कधीच सांगितलं नाही. पण ती हल्ली घरात बाहुलीची गाडी ढकलताना चपला घासत चालते. मी रागावले, तर म्हणाली, "आई, असं केलं की थांबते."

त्यानंतर आठेक दिवसांनी मी शमिकाला घरी सोडून एकटीच उतारावर गेले. तीच वेळ. का गेले? एका आईने माझी मुलगी मला परत दिली होती. तिच्याशी दोन शब्द बोलायला नकोत?

चराजवळ उभी राहिले. रस्त्यावर कोणी नाही. सायकल नाही, गाडी नाही.

वरून आवाज आला...

सर्र... सर्र...

सायकल नसताना. नुसत्या चपला. उतारावरून खाली, धापा टाकत, माझ्याकडे येणाऱ्या.

मी जागची हलले नाही. बोलले. "आनंदीकाकी... माझी शमिका सुखरूप आहे. तुमच्यामुळे. आणि दर्शनाचं... ते तेलामुळे नव्हतं हो. ब्रेकची तारच तुटली होती. सखारामकाकांनीच सांगितलं मला. तुमची चूक नव्हती."

आवाज थांबला.

अगदी माझ्या शेजारी. हात लांब केला असता तर लागली असती, इतक्या जवळ. रबराचा वास. हळूहळू खाली बसणारा श्वास.

मी वाट बघत राहिले. वाटलं, झालं. सुटली बिचारी.

मग चपला पुन्हा वाजल्या. आता घासत नव्हत्या. सावकाश, एकेक पाऊल टाकत... त्या परत वर चढत होत्या.

हे घडून बरेच महिने झाले. मी आता उतार लागला की खाली उतरते आणि सायकल हातात धरून चालते. शमिका खुर्चीत असते. रोज निम्म्या उतारावर सायकल मागून किंचित जड होते. शमिका मागे वळून बघते. मी बघत नाही.

पडवीत त्या संध्याकाळी जे सासूबाईंच्या बाबतीत साधलं, तेच मला आनंदीबाईच्या बाबतीत साधायचं होतं. तार तुटल्याचं खोटं सांगून तिला सोडवायचं होतं.

पण सासूबाईंना काही ठाऊक नव्हतं.

तिला ठाऊक आहे. तेल तिने स्वतःच्या हाताने लावलं होतं.