पूर्वछायेतला बिघाड

यमुना हळबे भर कार्यक्रमात नाचातला तुकडा विसरल्या.

असं काहीही घडलेलं नाही. वरचं वाक्य वाचलंच नाही असं समजून पुढे जावं.

मिरजेच्या नृत्यतंत्र प्रयोगशाळेत फिरोज शिकलगार हळबेबाईंच्या घोट्यांना हालचाल टिपणारे वेधपट्टे बांधत होता. बाई कथक नाचत, आणि शेजारच्या पडद्यावर प्रकाशाची बाई तेच नाचे. अडचण एकच होती. पायाची हालचाल संगणकात जाऊन पडद्यावर उमटेपर्यंत उशीर होई, आणि पडद्यावरची बाई अक्षता पडल्यावर मांडवात शिरणाऱ्या पाहुण्यासारखी प्रत्येक समेला धावत येई. म्हणून फिरोजने पूर्वछाया बनवली.

"पाय उचलण्याआधी वजन दुसऱ्या पायावर जातं, स्नायू आवळतात," तो म्हणाला. "यंत्र ते वाचतं आणि पुढची हालचाल आधीच दाखवतं. आता उशीर नाही."

"मग तिला माझ्या पुढेच ठेव की. अर्धा सेकंद."

"सावली पुढे कशाला, बाई?"

तबलजी दत्तू गुरव चहाला गेलेत ना, हे बाईंनी पाहून घेतलं. "हल्ली तुकडे मध्येच निसटतात. डॉक्टरांनी त्याचं नाव सांगितलं होतं, तेही निसटलं. ती पुढे असली तर बघून नाचेन."

फिरोजने पट्टा नीट आवळला. "बाई, तिला नाच येत नाही. तिला फक्त तुम्ही येता. तुम्ही विसरणार असाल, तर ती तुमच्याआधी विसरेल."

"म्हणजे मी विसरणार हे मला आधी कळणार?"

"अर्धा सेकंद."

"तेवढ्यात करू काय?"

"चेहरा सावरा."

बाई खळखळून हसल्या.

"त्यापेक्षा अख्खा नाच तिच्यात भरून ठेवतो," फिरोज म्हणाला. "कधी अडायचीच नाही."

"मग नाचेल ती, आणि मी शेजारी समईसारखी उभी! नको. आणि हे बघ, मी विसरते हे लोकांना कळलं तर ते माझा सत्कार करतील. शाल-नारळ हातात पडला की माणूस संपला रे. ठेव तिला पुढे."

सांगलीच्या कार्यक्रमात पूर्वछाया गिरकीच्या मध्येच थांबली. हात हवेत, पाय अर्धवट. "हँग झालं!" मागून कुणीतरी ओरडलं. सगळ्या माना पडद्याकडे वळल्या, आणि तेवढ्यात बाईही थांबल्या.

यंत्र अडलं, म्हणून बाई बिचाऱ्या त्याच्यासाठी थांबल्या, असं सगळ्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं.

फिरोजने संगणकावरचा आलेख पाहिला. यंत्र ठणठणीत होतं. स्वतःचं यंत्र बरोबर चाललेलं पाहून त्याला इतकं वाईट कधी वाटलं नव्हतं.

बाई कमरेवर हात ठेवून पडद्याकडे वळल्या. पाढा म्हणताना अडलेल्या लेकीकडे आई बघते, तशा. "अगं, ये ना!" सभागृह हसलं. दत्तूंनी ठेका सोडला नाही. "बरं, परत पहिल्यापासून," असं सावलीला सांगून बाई तुकड्याचे बोल मोठ्यानं म्हणू लागल्या, नुसत्या हातांनी तो हवेत मांडू लागल्या. एकदा. दोनदा. मग पडद्यावरची टाच उचलली गेली. बाईंना आठवलं, हे बाईंच्या आधी पडद्याला कळलं.

बाईंनी यंत्राला शिकवलं म्हणून लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते.

विंगेत दत्तूंनी फिरोजला धरलं. "तुझ्या त्या डबड्यानं आज बाईंची लाज घालवली असती! नशीब, बाई होत्या."

"चुकलं, काका."

बाईंनी पट्टे सोडवायला पाय पुढे केला. फिरोजची मान खाली होती, तरी तो हसतोय की रडतोय ते त्यांना कळलं असावं. त्यांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. "पुढच्या वेळी तिला जरा रागावू का रे?"

"रागवा. तिची काही हरकत नाही."

पुढच्या कार्यक्रमांत पूर्वछाया आणखी अडू लागली. आयोजक संस्थेच्या दुरुस्ती समितीने तिच्यात ध्वनिचित्रित नाच भरायचा, म्हणजे ती अडणार नाही, असा ठराव केला. ती अडली नाही तर अडणार कोण, हे बाई आणि फिरोजखेरीज कुणालाच माहीत नव्हतं. त्याने अर्ज केला:

"पूर्वछायेतील बिघाडाची संपूर्ण जबाबदारी मी स्वीकारतो. सदर बिघाड उत्तरोत्तर वाढत जाईल, असा माझा तांत्रिक अंदाज आहे. तरी त्याची दुरुस्ती न करता, श्रीमती हळबे नाचत आहेत तोवर त्यास कायम पदावर सामावून घ्यावे, त्याची नोंद प्रत्येक वेळी केवळ यंत्राच्याच नावे व्हावी, आणि कारण विचारण्यात येऊ नये, ही नम्र विनंती."