फाटकाचा दुसरा खांब

माझ्या गोष्टीतला साप दर खेपेला हातभर वाढतो, हे श्रूजबरीच्या मराठी मंडळात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. तेव्हा माझ्यावर विश्वास ठेवू नका. फक्त जाताना अंगणातला फाटकाचा डावा खांब हलवून बघा. मग बोलू.

२००५चा ऑक्टोबर. मी हार्डवेअरच्या दुकानात गेलो होतो नळाचा वायसर आणायला. परत आलो ते गाडीच्या टपावर गुलाबी फोमच्या आठ शीट्स आणि प्लॅस्टिकचे चाळीस पाइप बांधून. हॅलोविनला आमच्या गल्लीत प्रत्येक अंगणात भुताटकी मांडलेली असते, आणि आम्ही आपले एक भोपळा ठेवून गप्प. त्या वर्षी म्हटलं, अख्खं कबरस्तान उभं करायचं. कुंपण, खांब, फाटक, सगळं.

पुण्यात वीस वर्षं गणपतीची मखरं केलेला हात आहे हा. चार-चार शीट्स जोडून खांबांसाठी दोन उभ्या पोकळ पेट्या केल्या. सोल्डरिंग गनच्या तापल्या टोकानं विटांच्या रेघा ओढल्या. राखाडी रंगात मूठभर वाळू. डाव्या खांबावर घाईत स्प्रे मारला, तर स्प्रेनं फोमच खाल्ला. चरचर करत खड्डे पडले, आणि खांब एका मिनिटात दोनशे वर्षांचा झाला! पाइपांना काळा रंग देऊन टोकांना भाले बसवले. फाटक मात्र नुसतं दिखाऊ. बिजागरी नाहीच; दोन्ही बाजूंनी स्क्रूनं आवळलेलं.

खिडकीतून अण्णा बघत असायचे. अण्णा म्हणजे राजाराम अण्णा, उत्तराचे, माझ्या बायकोचे वडील. जूनमध्ये मिरजेहून आले आणि सप्टेंबरात त्यांच्या हृदयानं दगा दिला. डॉक्टरनं उत्तराला बाजूला घेऊन सांगितलं होतं, विमानाचं नावही काढू नका; पुढच्या महिन्याचंसुद्धा आम्ही काही सांगू शकत नाही.

"श्रीरंगराव, खांबाला वजन हवं हो," अण्णा म्हणायचे.

"वजन कशाला? हे बघा, करंगळीवर!" मी उचलून दाखवायचो.

हॅलोविनच्या आदल्या दिवशी, रविवारी, धनत्रयोदशी आली. आणि त्याच पहाटे इथली घड्याळं हिवाळ्यासाठी एक तास मागे गेली. अण्णांना याची भारी मौज वाटली. "म्हणजे तुमचं सरकार माणसाला एक तास परत देतं? मिरजेत असं काही नाही बुवा."

पाचच्या आतच अंधारून आलं. उत्तरानं कणकेचा दिवा केला, तिळाचं तेल घातलं आणि वात दक्षिणेकडे करून पायरीवर ठेवला. यमाचा दिवा. वर्षातून या एकाच संध्याकाळी दक्षिणेकडे दिवा दाखवतात, घरात कुणाला अवेळी मरण येऊ नये म्हणून. त्या दिवशी तिनं हात जरा जास्तच वेळ जोडले.

ती वळली, आणि मला नसती बुद्धी सुचली. डाव्या खांबावरचा बॅटरीचा दिवा बंद पडला होता. आमचं घर दक्षिणमुखी, फाटकही दक्षिणेला. मी पायरीवरचा दिवा उचलला आणि खांबावर नेऊन ठेवला.

"बघ, काय दिसतंय!"

"अहो!" उत्तरानं माझी बाही धरली. "यमाचा दिवा… स्मशानाच्या दारात? वाट दाखवताय का त्याला?"

"अगं, फोम आहे नुसता."

तेवढ्यात वारा पडला. मेपलची पानं गळायची थांबली. आणि वास आला… गोठ्याचा. ओल्या पेंढीचा, शेणाचा, जनावराच्या गरम अंगाचा. मॅसॅच्युसेट्समध्ये! मग घंटा. एकच, सावकाश, रस्त्याच्या त्या टोकाहून. पानांवर पावलांचा आवाज येतो का, ते मी कान देऊन ऐकत होतो. तो आलाच नाही.

स्क्रूनं आवळलेलं फाटक उघडलं. जड, गंजक्या लोखंडाचा आवाज करत.

तुम्ही म्हणाल, मूस असेल, इथलं ते घोड्याएवढं सांबर. मीही स्वतःला तेच सांगितलं. पण मूसची शिंगं अशी मागे वळलेली नसतात. काळी पाठ खांबाच्या माथ्याला लागत होती आणि दिव्याचा उजेड तिच्यावरून तेलासारखा ओघळत होता. तिच्या शेजारी अंधार उभा होता. नुसता अंधार, पण उंच. मला घाबरायला हवं होतं. वाटलं ते निराळंच. लहानपणी पहिल्यांदा समुद्र पाहिला, तेव्हा असाच उभा राहिलो होतो, चपला हातात धरून.

मागे दार वाजलं. धरल्याशिवाय न चालणारे अण्णा एकटे पायऱ्या उतरून आले. कानटोपी, स्वेटर, हात जोडलेले.

"या," ते म्हणाले. "पण… अंमळ लवकर आलात."

घंटा थांबली.

"इथली घड्याळं आज तासभर मागे आहेत. विचारा आमच्या जावयाला."

तो अंधार माझ्याकडे वळला. जन्मभर थापा मारल्या, पण खरं बोलताना इतकी जीभ कधी अडखळली नव्हती. "हो… एक तास… मागे…"

दिव्याची ज्योत आडवी झाली, पुन्हा उभी राहिली. अंगणात कुणी नव्हतं. फाटक बंद, स्क्रू जागच्या जागी.

"अण्णा… ते काही म्हणाले का?" उत्तरानं विचारलं.

"म्हणाले, एका खांबानं दार होत नाही. दुसरा उभा राहिला की येतो."

हॅलोविन झाल्यावर सामान आवरायला घेतलं. उजवा खांब करंगळीवर उचलला. डावा हलेना. शेजारचा संजीव आला, त्याचे दोन मित्र आले, पहार आणली; पहार वाकली. स्प्रेनं खाल्लेल्या खड्ड्यांतून आत गुलाबी फोम स्पष्ट दिसतोय, आणि चार माणसांना खांब हलत नाही! शेवटी सगळं तसंच ठेवलं.

अण्णा सुधारले. कसे, ते डॉक्टरलाही सांगता येईना. जानेवारीत ते विमानानं मिरजेला गेले. तेव्हापासून दर फोनला एकच प्रश्न: "दुसरा खांब?" आणि माझं एकच उत्तर: "करंगळीवर, अण्णा."

गेल्या वर्षी धनत्रयोदशीला तो उचलायला पंजा लागला. काल २००८ची धनत्रयोदशी झाली. दोन्ही हात लागले, वर गुडघाही. आणि घड्याळं मागे करण्याचा दिवस सरकारनं आता नोव्हेंबरात ढकललाय. म्हणजे काल तो तासही हाताशी नव्हता.

आज सकाळी अण्णांचा फोन आला.

"करंगळीवर, अण्णा!" मी म्हणालो.

 अण्णा हसले. "श्रीरंगराव, थाप मारताना तुम्ही नेहमी मोठ्यानं बोलता."

उत्तराचं मिरजेला जायचं उद्याचं तिकीट काढलंय. तिला वाटतंय, दिवाळीची भेट आहे.

चला, निघा आता, थंडी वाढतेय. डावा खांब खुशाल हलवून बघा. उजव्याला मात्र हात लावू नका. त्याच्यावर कालपासून जळतोय तो कणकेचा दिवा उत्तरानं ठेवलेला नाही. तिचा पायरीवर होता, तो कालच विझला.