चाल मोजणारी

पहिल्याच भेटीत त्यानं काठी टेकवली ती नेमकी तिच्या पावलावर! दवाखान्याच्या ओल्या पायरीवर ती कळवळली, आणि तो ओशाळून म्हणाला, "माफ करा... माझे पाय हल्ली माझं ऐकत नाहीत."

"आणि काठी?"

"ती तर पहिल्यापासूनच आगाऊ आहे."

आत गेल्यावर कळलं, हा शाळेतला खेळाचा मास्तर तिच्याकडेच आलाय. ती फिजिओ. मेंदूतल्या नसांवरचं मायलीनचं वेष्टन झिजलं, की मेंदूचा निरोप पायांपर्यंत रखडत पोचतो. मास्तरचं तसंच झालं होतं. एका नव्या उपचाराची चाचणी म्हणून डॉक्टरांनी त्याच्या पाठीच्या मणक्यातून मेंदूच्या मूळपेशी, म्हणजे स्टेम सेल, आत सोडल्या होत्या. दर महिन्याला त्याची चाल मोजायची, एवढंच तिचं काम.

"या पेशी करतात तरी काय?" त्यानं विचारलं.

"काही स्वतः वेष्टन घालतात. पण जास्त करून सूज उतरवतात आणि तिथल्याच सुस्तावलेल्या पेशींना कामाला लावतात. निदान तशी आशा आहे."

"म्हणजे मुकादमच की! बघू या, माझ्या डोक्यातले कामगार ऐकतात का."

ऐकले म्हणायचे! महिन्यागणिक चाल सुधारत गेली. ती समोर घड्याळ घेऊन उभी, आणि हा दातओठ खात तिच्याकडे येतोय... शेवटच्या पावलाला नजर वर उचलायचा, आणि हिचे कान लाल! डॉक्टर तर इतके खूश, की त्यांनी त्याला द्यायचं ठरलेलं दुसरं औषध लांबणीवर टाकलं.

मग ती तापानं आडवी झाली. त्या वेळी चाल मोजली तिच्या जागी आलेल्या वयस्कर बाईंनी. वेळ अगदी पहिल्या दिवसाइतकाच लागला! चार दिवसांनी त्यांनीच पुन्हा मोजलं, तरी तेच.

परत आल्यावर तिनं ते आकडे पाहिले, आणि तिला उमगलं. कसले मुकादम आणि कसलं काय! वेडा, इतके महिने जीव तोडून चालत होता तो तिच्यासाठी. गप्प बसावं, तर त्याचं औषध अडणार. बोलावं, तर त्याची आशाच मोडणार. ती आधी डॉक्टरांशी बोलली, आणि मग बाहेरच्या बाकावर त्याच्याशी.

"म्हणजे... पेशींनी काहीच केलं नाही?"

"अजून तरी नाही." तिला रडू आवरेना.

त्यानं काठी गुडघ्यांवर आडवी ठेवली. "शाळेत सांगून बसलो होतो, परत येतो म्हणून."

"यापुढे तुमची चाल मी मोजणार नाही."

"एवढा राग?"

"मोजणारी नात्यातली असून चालत नाही."

"आपलं कुठलं नातं?"

"तेच तर विचारतेय... जोडायचं का?"

तो हसला नाही. "माझे पाय आणखी जातील. कळतंय ना तुला?"

"कळतंय. म्हणून तर रडतेय. पण नाही म्हणत नाहीये मी."

तो उठला. आज त्यानं घाई केली नाही. पाय ओढत, मध्येच थांबत, दम खात, जसा खरोखर चालत होता तसाच तो तिच्यासमोर चालला. आणि ती त्याच्याबरोबर थांबत थांबत फाटकापर्यंत गेली.